डावा पीळ

रात्रीच्या जेवणाला सुरू झालेलं भांडण सकाळच्या चहापर्यंत टिकून होतं. आता कुणी बोलत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

थोरला पावाला लोणी लावत होता आणि ते जरा जास्तच नीट लावत होता. धाकटा खिडकीपाशी उभा राहून चहा पीत होता, कारण बसायचं म्हटलं तर भावाच्या समोरचीच खुर्ची रिकामी होती. सासूबाई दोघांच्या मधून ये-जा करत होत्या. एकाकडे बघून एक सुस्कारा, दुसऱ्याकडे बघून एक सुस्कारा, अशी त्यांची अगदी समान वाटणी चालली होती.

थोरली सून टेबलाच्या टोकाला बसून हे सगळं बघत होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दातांचा दवाखाना होता, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट तिला पक्की कळली होती. दुखत असतो एक दात आणि माणूस बोट ठेवतो भलत्याच दातावर. कालही तसंच झालं होतं. थोरला एवढंच म्हणाला होता, की वडिलांनी, अण्णांनी, आता गल्लीपलीकडच्या गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये येऊन बसावं, पण हत्याराला हात लावू नये, आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला आपली 'ठेंगणी' ही गाडी स्वतः चालवत तर मुळीच नेऊ नये. त्यावर धाकटा उसळला होता. "सरळ सांग ना, शेड तुला एकट्याला हवीय!" जहाजावर इंजिनं सांभाळणारा हा दीर वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, आणि येताना अण्णांचं जुनंच चित्र डोळ्यांत घेऊन यायचा. तोंडात खिळे धरून, दिव्याखाली वाकून, चेपलेल्या पत्र्याला हातोडीच्या हलक्या टपल्या देणारे अण्णा.

"मला शेड नकोय," थोरला म्हणाला होता. "तू घे. उद्यापासून तूच उघड."

पुढे मग जे व्हायचं ते झालं. सासूबाई धाकट्याच्या बाजूने बोलल्या. सुनेने नवऱ्याच्या बाजूने तोंड उघडलं, तर नवऱ्यानेच तिला खुणेने गप्प केलं. ते तिच्या मनात रात्रभर सलत राहिलं. शेडमधला गॅसचा बर्नर चालू ठेवून अण्णा घरी आले होते, हे तिला ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकाच्या निळ्या गाडीचं एक दार त्यांनी हिरवट रंगवलं होतं, आणि थोरल्याने पहाटे उठून ते गुपचूप पुन्हा रंगवलं होतं, हेही तिला ठाऊक होतं. यातलं एक अक्षरही तो भावाला सांगत नव्हता. वडिलांची लाज राखता राखता स्वतः वाईट ठरत होता.

दाराशी अण्णा उभे राहिले. अंगात कामाचा जाड निळा डगला, पायात बूट. सुट्टीचा दिवस आहे हे त्यांच्या गावी नव्हतं, की असूनही पर्वा नव्हती, हे अलीकडे सांगणं कठीण झालं होतं.

"मागची डिकी उघडत नाही," ते म्हणाले. "आणि पुढचीही उघडत नाही. कुणी हात लावला होता माझ्या गाडीला?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. निदान बघायला तरी सुरुवात झाली, असं सुनेला वाटलं.

*

ठेंगणी म्हणजे अण्णांची लाल, दोन सीटांची, जमिनीला चिकटून धावणारी जुनी स्पोर्ट्स गाडी. ती घरात आली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. तिचा पत्रा अण्णांनी हाताने पुन्हा घडवला होता. दोन्ही मुलं पाना-पक्कड धरायला तिच्यावरच शिकली होती, आणि सून लग्न होऊन आली ती तिच्यातूनच, गुडघे हनुवटीला लावून. इंजिन सीटांच्या पाठीमागे, गाडीच्या पोटात, त्यामुळे तिला डिक्या दोन, एक पुढे आणि एक मागे. मागच्या डिकीत तिचं छप्पर काढून ठेवायची सोय होती. पेट्रोलचं तोंड पुढच्या डिकीत होतं. म्हणजे पुढची उघडली नाही तर गाडीला प्यायला नाही, आणि मागची उघडली नाही तर डोक्यावर झाकायला नाही.

"मी सुट्टीवर आलो तेव्हा फक्त धुतली," धाकटा शेडमध्ये शिरताना म्हणाला. "दाराच्या आत हातसुद्धा घातला नाही."

"मी तर तिच्याजवळच जात नाही," थोरला म्हणाला. "मला कुठे वेळ आहे?"

"म्हणजे भुताने बंद केली," अण्णा म्हणाले.

अण्णांनी मागच्या डिकीच्या कुलपात किल्ली फिरवली. किल्ली सुरळीत फिरली, खटकाही आत गेला, पण झाकण जागचं हललं नाही. अण्णांनी बोटांनी कडेला चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "कुलूप ठीक आहे. रबराने धरलंय." ते बोलले आणि दोघांनी मान डोलावली. पत्र्याला बोट लावून आतलं सांगणारा हा माणूस होता, आणि ते सांगणं अजूनही चुकत नव्हतं.

"पहार घालून उचकटायची का?" थोरल्याने विचारलं.

"तुझ्या डोक्यात घाल पहार. हा पत्रा मी ठोकलाय."

धाकट्याने खिशातून नायलॉनची बारीक, चिवट दोरी काढली. जहाजावरची माणसं खिशात काय काय बाळगतात! त्याने ती झाकणाच्या कोपऱ्यात, फटीत सरकवली. "दादा, तू तिकडून धर. करवतीसारखी ओढायची. एकदा तू, एकदा मी. मध्ये जोर लावायचा नाही."

थोरल्याला दुसरं टोक धरणं भाग पडलं. दोघे गाडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले आणि दोरी सरकू लागली, आधी इकडे, मग तिकडे. एकाने घाई केली की दुसऱ्याच्या बोटाला काच बसायचा.

"हे तर मी रोज पेशंटना शिकवते," सून म्हणाली. "दोन दातांच्या मधून दोरा असाच फिरवायचा. कुणी ऐकेल तर शपथ."

"आम्हीही ऐकत नाही, वहिनी," धाकटा म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं ते पहिलं बरं वाक्य.

"हळू ओढ रे," थोरला म्हणाला. "लहानपणी पतंगाचा मांजा असाच ओढायचास. म्हणून कटायचा."

"कटायचा, कारण तू फिरकी सोडून पळायचास."

सासूबाई गरम पाण्यात बुडवलेली फडकी आणून झाकणाच्या कडेवर ठेवत होत्या. रबर हळूहळू मऊ पडलं. दोरी एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली. मग थोरल्याने झाकणावर दोन्ही तळव्यांनी दाब दिला, धाकट्याने किल्ली फिरवली, आणि दाब सोडताच चिकटलेली पट्टी सोलवटावी तसा आवाज करत झाकण वर आलं. छप्पर आत सुखरूप होतं.

धाकट्याने रबराच्या पट्टीवर बोट फिरवलं. "हे बघ. चिकटवायचं द्रव्य खालच्या बाजूला लावतात. इथे वरच्याही बाजूला फासलंय. झाकण खाली आलं की चिकटणारच. कुठल्या कारागिराने केलं हे?"

"कारागीर ठेंगणीला हात लावत नाहीत," थोरला म्हणाला आणि एकदम गप्प झाला.

सुनेने ते गप्प होणं टिपलं. सासूबाईंनीही टिपलं असावं, कारण त्या फडकी पिळायला म्हणून बाहेर गेल्या आणि बराच वेळ पिळत राहिल्या.

*

पुढची डिकी जास्त हट्टी निघाली. तिचं कुलूप बाहेर नव्हतंच. स्टिअरिंगच्या खाली एक मूठ होती. ती ओढली की पत्र्याच्या आतून गेलेली केबल नाकापर्यंत जाऊन खटका सोडायची. धाकट्याने सीटवर उताणं पडून ती मूठ ओढली, तर हातभर केबल अलगद बाहेर आली आणि पुढे काहीच झालं नाही.

"तुटली," थोरला म्हणाला.

"तुटली असती तर हाताला कळलं असतं," अण्णा म्हणाले. "हॉर्नची जाळी काढा. दिव्याच्या खाली. तिच्यामागे भोक आहे, हात जाईल एवढं. तिथून वर गेलं की खटक्याची जीभ लागते. ती मागे ढकलायची, बस्स."

त्यांनी हे इतकं सहज सांगितलं, की धाकट्याने भावाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. याला म्हणतोस तू विसरभोळा? थोरल्याने नजर चुकवली.

जाळी निघाली. धाकट्याने हात घातला, तो कोपराच्या आधीच अडकला. काढताना कातडी सोलली आणि जहाजावर शिकलेली दोन-तीन विशेषणं आईसमोर तोंडातून निसटली. थोरल्याचा हात तर त्याहून जाड.

"बाजूला व्हा," सून म्हणाली. "तुमच्या हातांनी तोंडात शिरलात तर पेशंट गुदमरेल."

ती दवाखान्यात जाऊन लांब दांडीचा आरसा, डोक्याला लावायचा दिवा आणि टोकाला वाकवलेली पोलादी सळी घेऊन आली. गाडीसमोर गोणपाट अंथरून ती कुशीवर आडवी झाली. अण्णा जवळच स्टूल घेऊन बसले.

"आ कर म्हणावं तिला," ते म्हणाले.

"अण्णा, ही तुमच्यावर गेलीय. दात दुखला तरी तोंड उघडत नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असली आहे ती," अण्णा अभिमानाने म्हणाले.

आत अंधार होता, जुन्या पेट्रोलचा आणि धुळीचा वास होता. सुनेने आरसा वर सरकवला. आरशात उजवं ते डावं दिसतं, पण तिचं सगळं आयुष्य तसंच बघण्यात गेलं होतं. खटक्याची जीभ दिसली, तिच्याशेजारी पत्र्याला जोडलेली न हलणारी खुंटी दिसली, आणि मग केबलचं टोक दिसलं.

केबल जिभेला बांधायची असते. ती बांधली होती खुंटीला. आत आणखी हातभर वळसा होता, म्हणून मूठ ओढली की तेवढीच केबल बाहेर यायची. बांधणी मात्र सुरेख होती. तार बाइंडिंगची, घट्ट पिळलेली, आणि पिळाचं टोक वळवून आत दडवलेलं. कुणाच्या बोटाला बोचू नये म्हणून.

सुनेने आरसा आणखी जवळ नेला.

तार अशी दडवणारा माणूस एकच होता. तिच्या दवाखान्यातल्या खुर्चीच्या दिव्याची वायर अशीच बांधलेली होती, सासूबाईंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीची गाठ अशीच होती. आणि आरशातलं उलटं सुलटं करून पाहिलं तर पीळही डावा होता. घरात डावखुरे अण्णा एकटेच.

"काय दिसतंय?" वरून धाकट्याने विचारलं.

"केबल सुटलीय," ती म्हणाली.

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिच्या मनात आलं, पक्कड मागावी, तार तोडावी, तुकडा आत अंधारात पडेल आणि कुणाला कळणार नाही. नवरा काल सगळ्यांच्या शिव्या खाऊन जे लपवत होता ते लपूनच राहील. मग वाटलं, कीड दिसल्यावर वरून भरून टाकायचं, हे तिने कधी केलं होतं? वरचं चकचकीत राहतं आणि आतून दात पोखरत जातो. पण हा दात तिचा नव्हता. आणि तोंड उघडून बसलेला माणूस स्टुलावर, तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता.

ती काहीच ठरवू शकली नाही. हातातलं काम तेवढं तिने केलं. सळीचं वाकडं टोक जिभेच्या मागे अडकवलं. "झाकण दाबा. आता सोडा." पहिल्यांदा सळी निसटली. दुसऱ्यांदा जीभ थोडी हलली. पुढच्या खेपेला आत कुठेतरी टक् झालं आणि दोघा भावांच्या हाताखालून झाकण उसळलं.

"वा डॉक्टरीणबाई!" अण्णा टाळी वाजवून उठले. "भूल न देता काढलीस!"

सासूबाईसुद्धा हसल्या. सून गोणपाटावरून उठेपर्यंत चौघेही डिकीत वाकले होते. अण्णांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, खटक्याजवळ तोंड नेलं आणि तसेच राहिले.

"हे कुठल्या गाढवाने केलंय?"

त्यांनी तारेला बोट लावलं.

"केबल खुंटीला बांधलीय. खुंटीला! अरे, डोळे होते की बटणं होती? कोण होतं हे?"

धाकटा तारेकडे बघत होता. त्याने तो पीळ ओळखला, हे सुनेला त्याच्या मानेवरून कळलं. लहानपणी त्याच्या सायकलचा पट्टा, त्याच्या बुटाचं तुटलेलं बक्कल, सगळं त्याच तारेने जोडलं गेलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला आणि मग उतरला. त्याने भावाकडे पाहिलं. आता बोल, आता तूच जिंकलास, असं जणू त्या नजरेत होतं.

थोरल्याने हात फडक्याला पुसले.

"मीच, अण्णा," तो म्हणाला. "मागे एकदा केबल सैल वाटली म्हणून बांधली होती. घाईत होतो."

"तू?"

"हो."

"मघाशी म्हणालास, मी जवळही जात नाही."

"शिव्या पडतील म्हणून म्हणालो."

आणि शिव्या पडल्या. अण्णांनी कित्येक महिन्यांत एवढा आवाज लावला नव्हता. "दोरी कशाला असते? ओढायला! आणि बांधलीस कशाला? उद्या म्हैस बांधशील आणि खुंटीचं दूध काढायला बसशील! एवढी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस ती काय झाडलोट करण्यात? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?" थोरला मान खाली घालून उभा होता. डोक्याचे केस विरळ झालेला, शेडमध्ये डझनभर माणसांना हुकूम देणारा हा माणूस, नव्याने कामाला लागलेल्या पोरासारखा ऐकून घेत होता, आणि मधून मधून "हो अण्णा" म्हणत होता.

अण्णांनी पक्कड घेऊन तार सोडवली, हातात धरून निरखली.

"पीळ मात्र बरा दिलायस," ते म्हणाले. "तेवढंच एक बरं केलंस."

सासूबाई तोंडाला पदर लावून वळल्या. धाकटा पायांकडे बघू लागला. सुनेनेही खाली पाहिलं. अण्णांनी सगळ्यांवर एकदा नजर फिरवली, तार डगल्याच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "चहा करा कुणीतरी. घसा बसला."

*

शेडच्या मागे हात धुवायचा नळ होता. सून कोपरापर्यंत ग्रीस घेऊन तिथे पोचली, तेव्हा दोघे भाऊ आधीच तिथे होते. नळ नुसताच वाहत होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?" धाकटा विचारत होता.

"काल सांगितलं."

"काल तू सांगितलंस, अण्णांनी हत्याराला हात लावू नये. का लावू नये ते सांगितलंस का?"

"काय सांगू? फोनवर सांगू? तू कुठल्या तरी समुद्रात, आणि मी तुला सांगू की अण्णा आपल्याच शेडचा रस्ता चुकले होते?"

"चुकले होते?"

थोरल्याने नळ बंद केला. "एकदा. कारागिराने आणून सोडलं."

धाकटा भिंतीला टेकला. आणि मग, आतापर्यंत वडिलांच्या बाजूने तलवार उपसून उभा असलेला तो, एकदम दुसऱ्या टोकाला गेला. "मग शेडच्या किल्ल्या काढून घ्यायला हव्यात. ठेंगणीच्याही. आजच. मेळावा वगैरे काही नाही. वाटेत काही झालं तर?"

"काही घ्यायचं नाही काढून," थोरला म्हणाला.

"काल तूच म्हणत होतास!"

"काल म्हणत होतो. आज त्यांना ओरडताना पाहिलंस ना? किती दिवसांनी उभे राहिले ते तसे." त्याने बायकोकडे पाहिलं. मदत मागायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते बघणं जरा रागीटच वाटलं. "तू सांग. तू डॉक्टर आहेस."

"मी दातांची आहे," ती म्हणाली. "पण एवढं सांगते. तुम्ही दोघे एकदा इकडची आणि एकदा तिकडची भिंत धरताय. कुणालातरी दाखवायला हवं. योग्य डॉक्टरला, लवकर. गाडी नंतर."

"आणि आईला कोण सांगणार?" धाकट्याने विचारलं.

"आईला काय सांगायचंय?" मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. कपांवर बशा पालथ्या घातल्या होत्या. "वर्ष झालं, त्यांचा चष्मा मीच त्यांच्या खिशात ठेवते, आणि सापडला म्हणून ते खूश होतात. मला कुणी काही सांगू नका."

"मग काल माझ्या बाजूने का बोललीस?" धाकटा म्हणाला.

"कारण मी याच्या बाजूने बोलले असते तर खरं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ट्रे नळाच्या कट्ट्यावर ठेवला, आणि त्यांचे हात मोकळे झाल्यावर त्यांना त्यांचं काय करायचं ते सुचेना. थोरला पुढे झाला. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, ओल्या हाताने, आणि त्यांच्या साडीवर ग्रीसचा पंजा उमटला.

"मेल्या," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

*

सून चहा घेऊन आत गेली, तेव्हा अण्णा ठेंगणीच्या पुढच्या डिकीपाशी स्टुलावर बसले होते. केबल त्यांनी जागेवर लावली होती, जिभेला. मांडीवर मघाची तार होती.

"बस," ते म्हणाले.

ती टायरवर बसली. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"तो खोटं बोलला."

तिने त्यांच्या मांडीवरच्या तारेकडे पाहिलं.

"त्याला डावा पीळ येत नाही. लहानपणी शिकवायला गेलो, रडला होता. उजव्या हाताने करू दे म्हणाला." त्यांनी तार बोटांत फिरवली. "मी पीळ बरा म्हणालो आणि तुम्ही सगळे माना खाली घालून उभे. तेव्हा मी नीट पाहिलं."

"तोवर नाही ओळखलंत?"

"नाही." त्यांनी हा शब्द अगदी साधा उच्चारला, पत्र्याला किती दाब लागेल ते सांगावं तसा. "तेच वाईट. चूक माणूस करतोच. पण स्वतःचा हात समोर असून ओळखू नये? मी गाढव कुणाला म्हटलं ते मला कळलंच नाही."

पेशंटला ती म्हणते तसं 'काही होणार नाही' म्हणणं इथे लबाडीचं झालं असतं.

"अण्णा, मी एका डॉक्टरांशी बोलते. माझ्याबरोबर शिकलेल्या एकीचे सर आहेत. चांगले आहेत. मेंदूचे."

"मेळावा झाल्यावर."

"मेळाव्याच्या आधी."

"तू फार हट्टी आहेस."

"तुमच्याच घरात दिलंय मला."

ते हसले. मग चहा पीत राहिले. बाहेर नळापाशी बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, पण दोघे भाऊ एकाच वेळी बोलत नव्हते, आळीपाळीने बोलत होते.

"आधी जाऊ," अण्णा शेवटी म्हणाले. "पण एक कर. थोरल्याला सांगू नकोस मला कळलं म्हणून. इतकं मन लावून शिव्या खाल्ल्या त्याने. वाया जायला नकोत." ते उठले, तार उचलून भंगाराच्या डब्यात टाकली आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, पेट्रोल आणा कुणीतरी! एक फेरी मारून बघू!"

धाकटा कॅन घेऊन आला. डोळे लाल होते, पण पेट्रोल त्याने न सांडता ओतलं. पुढची डिकी लावली, उघडून पाहिली, पुन्हा लावली. छप्पर चढवायचं की नाही यावर थोडा वाद झाला, मग नकोच ठरलं. थोरला सवयीने शेडचं मोठं दार ओढून उघडायला गेला.

"तू कुठे चाललास?" अण्णांनी त्याला अडवलं आणि किल्ली पुढे केली. "चालव."

"मी?"

"मग काय, ही चालवणार? हिला दात काढायचेत."

थोरल्याने किल्ली घेतली. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. तिने हातातल्या कपात पाहिलं. तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला, आरसा स्वतःच्या उंचीला लावला. अण्णा गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. ते दार त्यांनीच ठोकून घडवलं होतं, त्याची बिजागरी त्यांनीच बसवली होती, पण त्या बाजूने ते आयुष्यात कधी बसले नव्हते. ते वाकले, कसेबसे आत शिरले, गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"ही सीट मागे कशी सरकते रे?" त्यांनी विचारलं.

थोरल्याने त्यांच्या पायांखाली हात घालून खिट्टी कुठे आहे ते दाखवलं. त्यांनी ती ओढली, सीट मागे गेली, आणि अण्णांनी पाय लांब केले.

"बरं आहे की इथून," ते म्हणाले. "चल, काढ."